चाकामागची चकती

शाळामास्तरानें मोटारीच्या चाकांविषयीं बोलावें, हें आपणांपैकीं पुष्कळांस विचित्र वाटेल. मीं जन्मभर मुलांना त्रैराशिक आणि अपूर्णांक शिकविले. माझी स्वतःची मजल मॅट्रिकच्या पुढें गेली नाहीं आणि मोटार हांकण्याचा परवाना तर मजजवळ कधींच नव्हता. परंतु गेल्या श्रावणांत अशी एक गोष्ट घडली, कीं निवृत्तीनंतर मला पुन्हां एकदां कागद-पेन्सील घेऊन बसावें लागलें. त्या हिशेबांतून जें हातीं आलें तें आज आपणांपुढें मांडतों.

माझा भाचा येथें कोल्हापुरांतच, राजारामपुरींत राहतो. मुलगा कष्टाळू, आणि मोटारींचा मोठा शोकी. त्याच्यापाशीं एक जुनी जीप आहे. एके दिवशीं सायंकाळीं ती माझ्या दारांत येऊन उभी राहिली, तेव्हां तिच्यांत कांहींतरी बदललें आहे हें मला जाणवलें, पण काय तें प्रथम उमजेना. मग ध्यानांत आलें कीं तिचीं चारही चाकें मडगार्डांच्या बाहेर दोन-दोन बोटें आलीं आहेत. तालमींतला गडी पाय फांकून, दंड ठोकून उभा राहावा तसा तिचा थाट होता. मीं विचारलें, "अरे, हें काय केलंस?"

"स्पेसर घातलेत, मामा. आतां रस्त्याला कशी चिकटून बसते बघा."

"आणि चाक कशावर धरलेलं आहे?"

तो हंसला. "नटांवरच की! पूर्वी होतं तसंच."

पुढच्याच आठवड्यांत माझी थोरली बहीण, तिची सून आणि दोन नातवंडें यांना घेऊन तो आंबा घाटानें गणपतीपुळ्यास निघावयाचा होता. 'पूर्वी होतं तसंच' हें त्याचें उत्तर मला रात्रभर सतावीत राहिलें. खरोखरच तें तसेंच होतें काय?

ही वस्तु काय आहे तें प्रथम सांगतों. मोटारीचें चाक ज्या फिरत्या तबकडीवर बसतें तिला हब म्हणतात. या हबांतून चार, पांच किंवा सहा स्टड बाहेर आलेले असतात. चाकाचीं भोंकें त्यांत ओवावयाचीं, बाहेरून नट घालावयाचे आणि पान्यानें आवळावयाचे, एवढीच ती मांडणी. पंक्चर झालेलें चाक रस्त्याच्या कडेला बदलतांना आपण सर्वांनीं ती पाहिली आहे. आतां हब आणि चाक यांच्यामध्यें धातूची चकती घातली, म्हणजे चाक तितकें बाहेर सरकतें. हिलाच स्पेसर म्हणतात. हिच्या जाती दोन. पहिली पातळ, तीन-पांच मिलिमीटरांची, हबच्या मूळ स्टडांवरच ओवलेली. तिला स्वतःचा स्टड नाहीं कीं नट नाहीं. दुसरी जाड, बहुधा वीस मिलिमीटर वा त्याहून अधिक. ती हबवर आपल्या स्वतंत्र नटांनीं आवळली जाते, आणि तिच्या अंगांत ठोकून बसविलेल्या दुसऱ्या स्टडांवर चाक आवळलें जातें. भाच्याच्या जीपला ही दुसरी जात होती, आणि आज मी मुख्यतः तिच्याविषयींच बोलणार आहें.

चाकांमधील अंतर वाढविणें हें मुळांत कांहीं पाप नव्हे. आपल्या जिल्ह्यांतल्या ऊसकऱ्याला तें ठाऊक आहे. पिकाच्या ओळींतील अंतर पाहून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची रुंदी कमीजास्त करतात, आणि त्यासाठीं चाकाची रिम उलटी करून बसवितात. परंतु ती सोय ट्रॅक्टर घडविणारानेंच ठेवलेली असते आणि कोठवर जावें हें त्याच्या पुस्तकांत छापलेलें असतें. जर्मनींतील पोर्श कंपनीनें तर आपल्या कांहीं गाड्यांना अशा चकत्या कारखान्यांतूनच दिलेल्या आहेत. मात्र त्यांच्याबरोबर त्या जाडीला बेताचे लांब बोल्टही दिले आहेत. तेव्हां चकती हा शब्द ऐकतांच कानांवर हात ठेवण्याचें कारण नाहीं. ती कोणी घडविली, कशाची घडविली आणि कशी बसविली, यांतच सारें आहे.

तरुण मंडळी ती कां घालतात? निम्म्याहून अधिक वेळां केवळ रूपासाठीं. परंतु खरीं कारणेंही असतात. जाडजूड टायर बसविले कीं ते आंतल्या बाजूस स्प्रिंगेला घांसतात. दुसऱ्या गाडीची रिम घातली तर ती ब्रेकला अडते. शिवाय चाकांमधील अंतर वाढलें कीं वळणावर गाडी कलंडण्याची भीति थोडी कमी होते, हेंही खरें आहे. पण थोडी म्हणजे किती? दोन चाकांमधील अंतर १,४०० मिलिमीटर असेल आणि प्रत्येक बाजूस २५ मिलिमीटरांची चकती घातली, तर वाढ झाली पन्नासाची, म्हणजे शेंकडा साडेतीन. इतका लाभ तर टपावरचें सामान खालीं उतरवून ठेवल्यानेंही पदरांत पडावा.

भाच्यानें माझ्यापुढें शर्यतींचा दाखला ठेवला. कोल्हापूरला मोटारशर्यतींचा नाद आहे हें आपण जाणतां. येथून जवळच असलेल्या मोहित्यांच्या धावपट्टीवर कार्टिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. कार्ट म्हणजे जमिनीला पोट टेकल्यासारखी दिसणारी ती चिमुकली गाडी. "तिथं तर पोरं दर फेरीला कड्या घालतात नि काढतात," असें भाच्याचें म्हणणें, आणि तें अगदीं खरें आहे. परंतु तेथें काय घडतें तें नीट पाहा. कार्टच्या पुढच्या चाकासाठीं एक लांब आंस असतो. त्यावर चाकाच्या आंतल्या अंगाला कांहीं कड्या आणि बाहेरच्या अंगाला कांहीं कड्या ओवलेल्या असतात आणि टोंकाला एकच नट असतो. चाक बाहेर सरकवावयाचें म्हणजे बाहेरची कडी काढून आंत घालावयाची. आंसाची लांबी तीच, नट तोच आणि त्याला मिळणारे आटेही तितकेच. जोडणीची ताकद तसूभरही घटत नाहीं. शिवाय शर्यतीच्या मैदानावर प्रत्येक फेरीनंतर कोणी ना कोणी पाना घेऊन बसलेलाच असतो. बेअरिंगें आणि स्टड झिजण्यापूर्वींच बदलले जातात. मोठ्या मोटारींच्या शर्यतींतही चकती लागलीच तर लांब स्टडांवर ओवलेली साधी चकती घालण्याकडे जाणत्यांचा कल असतो. बाजारांतून आणलेली चकती दोन वर्षें चाकामागें विसरून जाणारा शर्यतवाला मला तरी कोणी दाखवावा!

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. चाक नटांनीं धरलेलें असतें, असें आपण म्हणतों. पण कसें? पुष्कळांची समजूत अशी, कीं खुंटीवर कोट टांगावा तसें चाक स्टडांवर टांगलेलें असतें. ही समजूत चुकीची आहे, आणि सारा घोटाळा येथूनच सुरू होतो. नट आवळला म्हणजे स्टड ताणला जातो, रबराच्या दोरीसारखा, फक्त फारच थोडा. तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो. या दाबामुळें दोन पृष्ठभागांत जें घर्षण उत्पन्न होतें, तें चाकाला फिरवितें, थांबवितें आणि गाडीचें ओझें पेलतें. स्टडाचें काम ताणलेलें राहण्याचें; आडवा मार त्यानें खावा अशी योजनाच नाहीं.

थोडा हिशेब करूं. लहान मोटारीचा स्टड १२ मिलिमीटर जाडीचा असतो. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोंकावर दहा किलोचा जोर दिला, तर त्या स्टडांत सुमारें ४,१६० किलोचा ताण उत्पन्न होतो. आपण लावलेल्या जोरापैकीं नऊ हिस्से आट्यांच्या आणि नटाच्या घर्षणांतच खर्ची पडतात. एकच हिस्सा ताणाच्या कामीं येतो, तरीही आंकडा एवढा मोठा! चार स्टडांचा मिळून दाब झाला साडेसोळा हजार किलोंहून अधिक. घर्षणाचा गुणक ०.१५ धरला तर चाक घसरण्याला विरोध सुमारें अडीच हजार किलोंचा. स्टड मध्यापासून ५० मिलिमीटरांवर आहेत, तेव्हां हा विरोध १२५ किलोग्रॅम-मीटर मरोड पेलूं शकतो. उलट बाजूस, जोराचा ब्रेक लावतांना पुढच्या चाकावर ३५० किलो ओझें आलें आणि टायरनें रस्ता घट्ट पकडला, तर चाकावर येणारा मरोड सुमारें ८८ भरतो. सव्वाशें विरुद्ध अठ्ठ्यायशीं! कागदावर पुरेसें आहे, परंतु उधळपट्टी करण्याइतकें शिल्लक नाहीं. नटांतला ताण निम्म्यावर आला तर सव्वाशेंचे साडेबासष्ट होतात आणि चाक हबवर घसरूं लागतें. मग स्टडावर आडवे घाव बसूं लागतात.

ताण निम्म्यावर येण्यास किती हलगर्जी लागते? मला या प्रश्नाच्या उत्तरानेंच खरा धक्का बसला. त्या स्टडाचा १५ मिलिमीटर भाग ताणला गेला आहे असें धरा. पोलादाच्या लवचिकपणाचा हिशेब मांडला तर तो भाग वाढतो सुमारें तीन शतांश मिलिमीटर. माणसाच्या डोक्याचा केस याहून जाड असतो. सारें चाक या तीन शतांश मिलिमीटरांच्या ताणावर उभें आहे! आतां हब आणि चकती यांच्यामध्यें रंगाचा एक पापुद्रा, गंजाची एक खपली किंवा चिखलाचा वाळलेला पातळ थर राहिला आणि शंभर-दोनशें किलोमीटरांच्या धक्क्यांनीं तो चिरडून गेला, तर ताण ढिला पडावयास आणखी कांहीं नको. नट मुळींच फिरलेला नसतो, आट्यांवर केलेली खूण जागच्या जागीं असते, आणि तरीही जोडणी मोकळी झालेली असते.

आतां भाच्याच्या 'पूर्वी होतं तसंच' याकडे पाहूं. पूर्वीं एक सांधा होता. आतां दोन झाले. हब आणि चकती हा एक, चकती आणि चाक हा दुसरा. बाहेरचा सांधा दिसतो, पान्याला लागतो, टायरवाला तो आवळूनही देतो. आंतला सांधा मात्र चाकाच्या पाठीमागें झांकलेला. चाक उतरविल्यावांचून त्या नटांना हातच लागत नाहीं. जो सांधा प्रथम बसकण घेणार, तोच नेमका दृष्टिआड. ही अडचण चकती कितीही उत्तम असली तरी जात नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं भाच्याला जीप घेऊन शिवाजी उद्यमनगरांत यावयास सांगितलें. तेथें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा लहानसा कारखाना आहे. उद्यमनगराचें वर्णन कोल्हापूरकरांपुढें काय करावें! तेलावर चालणारीं इंजिनें, पंप, बिडाचें ओतकाम यांवर ज्या वस्तीनें पिढ्यान् पिढ्या हात बसविला, तेथें लोखंडाची भाषा जाणणारा माणूस शोधावा लागत नाहीं. विद्यार्थ्यानें पुढचें डावें चाक उतरविलें. बाहेरचे पांचही नट चांगले घट्ट होते आणि भाच्याचा चेहरा खुलला. मग विद्यार्थ्यानें चकतीच्या नटांना हात लावला. पान्यानें नव्हे, नुसत्या बोटांनीं. पांचांपैकीं दोन नट बोटांनीं फिरले.

"गुरुजी, हें बघा," म्हणून त्यानें चकती सोडवून माझ्या हातांत दिली. भोंकांभोंवतीं काळपट भुकटी जमली होती. दोन पृष्ठभाग एकमेकांवर सूक्ष्म घांसत राहिले, म्हणजे ही भुकटी पडते. जोडणी हलत असल्याचा तो लेखी पुरावाच. हबवर जुन्या रंगाचा थर तसाच होता आणि त्यावर चकतीचा वर्तुळाकार ठसा उमटलेला होता. ज्या दुकानांत ती बसविली, तेथें कोणी हब घांसून स्वच्छ केलें नव्हतें आणि 'शंभर किलोमीटरांनीं परत या' असेंही कोणी म्हटलें नव्हतें. बसवून सहाशें किलोमीटर झाले होते. भाचा कांहीं बोलला नाहीं. उरलेलीं तीन चाकें त्यानें स्वतःच उतरविलीं.

सहाशें किलोमीटर म्हणजे किती फेरे, याचाही विचार करावा. २८ सेंटिमीटर त्रिज्येचें चाक एका किलोमीटरांत सुमारें ५७० वेळां फिरतें. कोल्हापूरहून रत्नागिरीपर्यंत पाऊण लाखाच्या आसपास. जोडणी घट्ट असेल तर या फेऱ्यांचा मार स्टडापर्यंत जवळजवळ पोंचतच नाहीं. ढिली असेल तर प्रत्येक फेऱ्याला स्टड एकदां वांकतो आणि एकदां सरळ होतो. तार हातांत धरून वांकवीत राहिलें तर ती शेवटीं तुटते, हें लहान मुलालाही ठाऊक असतें. परंतु जाड पोलादही असेंच तुटतें हें कळावयास जगाला मोठी किंमत मोजावी लागली. १८४२ सालीं फ्रान्समध्यें व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आंस मोडून भयंकर अपघात झाला. पुढें जर्मनींत ऑगस्ट व्होलर यानें रेल्वेच्या आंसांवर वर्षानुवर्षें प्रयोग करून दाखविलें, कीं एका फटक्यानें जें ओझें पोलादाला मोडूं शकत नाहीं, तेंच पुनःपुन्हां दिलें तर मोडतें. या मोडण्याची विशेष खोड अशी, कीं तें शेवटच्या क्षणापर्यंत आंतल्या आंत चाललेलें असतें. एक स्टड तुटला कीं त्याचा भार शेजाऱ्यावर येतो, आणि मग उरलेले फार वेळ टिकत नाहींत.

बेअरिंगांविषयीं पुष्कळ बोललें जातें, म्हणून तेंही सांगतों. चाकाचें ओझें शक्यतों बेअरिंगाच्या दोन ओळींवर विभागून पडावें अशी बांधणी केलेली असते. या दोन ओळींतील परिणामी अंतर हिशेबासाठीं १०० मिलिमीटर धरूं. २५० किलो ओझें मधोमध असेल तर प्रत्येकीवर सव्वाशें. चाक २५ मिलिमीटरांनीं बाहेर गेलें तर बाहेरच्या ओळीवर साडेसत्त्याऐशीं अधिक एकशें, म्हणजे दीडपट. गोळ्यांच्या बेअरिंगाचें आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणांत घटतें. दीडाचा घन सव्वातीनाहून अधिक, तेव्हां आयुष्य तिसऱ्या हिश्शाहून कमी. हें झालें सरळ रस्त्यावरचें गणित. वळणांवर बेअरिंगाला याहून कितीतरी मोठे झटके बसतात आणि त्याचें बरेंचसें आयुष्य तेथेंच खर्च होत असतें. म्हणून प्रत्यक्षांत घट इतकी मोठी होत नाहीं. शिवाय बिघडलेलें बेअरिंग घूं-घूं असा आवाज काढून आठवडेच्या आठवडे सूचना देत राहतें. खर्चाची बाब आहे, पण दगाबाज नव्हे. मला भय वाटतें तें न बोलणाऱ्या नटाचें.

सुकाणूवर मात्र परिणाम लगेच जाणवतो. पुढचें चाक ज्या रेषेभोंवतीं वळतें ती रेषा जमिनीला जेथें मिळते, त्या बिंदूपासून टायरचा मध्य किती दूर आहे हें माप फार जपून ठरविलेलें असतें. बिजागरीजवळ दार ढकलणें आणि कडेला ढकलणें यांत जो फरक, तोच येथें. हें अंतर मुळांत दहा मिलिमीटर असेल आणि पंचवीसाची चकती घातली, तर तें पस्तीस होतें. एका बाजूचें चाक खड्ड्यांत आपटलें किंवा चिखलांत ब्रेक लागला, कीं सुकाणूला पूर्वींच्या साडेतीनपट हिसका बसतो. पावसाळ्यांत गगनबावड्याच्या किंवा आंब्याच्या घाटांत ज्यानें गाडी चालविली आहे, त्याला अधिक सांगावयास नको. त्याच घाटांत उतरतांना ब्रेक तापतात, ती उष्णता हबमधून चकतींत शिरते, आणि ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें. तापणें आणि निवणें यांच्या या आवर्तनांत अगोदरच कच्ची असलेली जोडणी आणखी बसते.

चकती कशाची केली आहे, हाही प्रश्न लहान नाहीं. ॲल्युमिनियम म्हटलें म्हणजे सारें एकच, असें समजूं नये. ६०६१ नांवाचा मिश्रधातु उष्णोपचार केल्यावर चौरस मिलिमीटरला सुमारें २८ किलो ताण सोसतो. ७०७५ हा सुमारें ५० किलो. मोडीचें ॲल्युमिनियम वितळवून ओतलेल्या चकतीला असा कसलाच भरवसा नसतो. तिच्यांत हवेचे बुडबुडे असूं शकतात आणि ती वांकण्याऐवजीं तडकते. स्टडाच्या डोक्यावर १०.९ असा आंकडा कोरलेला दिसला तर तो शोभेचा नव्हे. पहिला भाग त्याची तुटण्याची ताकद सांगतो आणि दुसरा भाग, त्या ताकदीच्या शेंकडा नव्वदापर्यंत तो कायमचा न लांबतां टिकतो हें सांगतो. ज्यावर आंकडाच नाहीं, त्याला काय म्हणावें! आपल्याकडचा कोणताही टर्नर लेथवर सुरेख चकती कातून देईल, यांत मला शंका नाहीं. परंतु धातूचा तुकडा कोठून आला हें त्यानें सांगितलें पाहिजे, आणि दोन्ही बाजू समांतर आहेत हें मोजून दाखविलें पाहिजे. मधलें भोंक हबच्या उंचवट्यावर अचूक बसलें पाहिजे आणि चकतीलाही चाकासाठीं तसाच उंचवटा पाहिजे, नाहींतर चाक मध्यावर न बसतां थरथरूं लागतें.

आणखी एक फसवी गोष्ट विद्यार्थ्यानें दाखविली. चकती वीस मिलिमीटर जाड आणि हबचा मूळ स्टड तीस मिलिमीटर लांब असेल, तर स्टडाचीं टोंकें चकतीच्या बाहेर डोकावतात. चाकाच्या पाठीला तेथें खळगे नसतील, तर चाक चकतीवर न टेकतां त्या टोंकांवर टेकतें. नट आवळला कीं हाताला घट्ट लागतो, पण दाब नुसत्या टोंकांवर असतो. पातळ चकतीची तऱ्हा उलटी. नटानें निदान स्टडाच्या जाडीइतके आटे धरावे असा कारागिरांचा दंडक आहे. बारा मिलिमीटरांचा स्टड आणि सव्वा मिलिमीटरांचे आटे असतील, तर साडेनऊ फेरे झाले. पांच मिलिमीटरांची चकती त्यांतले चार फेरे खाऊन टाकते. जुन्या विलीस जीपांची तर आणखीच गंमत. त्यांच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत, कारण फिरणाऱ्या चाकाचा कल नट सोडविण्याकडे होऊं नये अशी त्या काळच्या घडविणारांची काळजी. बाजारांतल्या चकतीला मात्र दोन्ही बाजूंस सरळच आटे.

कायद्याचें काय, असें आपण विचाराल. मोटार वाहन अधिनियम १९८८ याचें कलम ५२ सांगतें, कीं उत्पादकानें मुळांत ठरविलेल्या तपशिलांशीं नोंदणीपुस्तकांतील तपशील जुळेनासे होतील असा बदल मालकानें करूं नये. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही याच अर्थाचा निर्णय दिला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें कलम १८२ ए आलें. अनुज्ञा नसलेले भाग बसवून गाडींत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊं शकतात. विमा कंपनीला न कळवितां केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊं शकतो, तें वेगळेंच. जर्मनींत चकती घालण्यास सरसकट बंदी नाहीं. परंतु तिला तपासणीसंस्थेचा दाखला लागतो आणि बहुधा परीक्षकाला गाडी दाखवून कागदपत्रांत नोंदही करावी लागते. आपल्याकडे ज्या दुकानांत चकती मिळते, तेथें दाखला मागणारा गिऱ्हाईकच विरळा.

भाच्यानें अखेरीस काय केलें, तें सांगावयाचें राहिलें. त्याच दुपारीं चारही चकत्या निघाल्या. पुढच्या डाव्या हबचे, ढिल्या नटांखालचे दोन स्टड विद्यार्थ्यानें बदलून दिले, आणि मोडीच्या डब्यांत टाकण्यापूर्वीं एक भिंगाखालीं धरून मला दाखविला. आट्याच्या तळाशीं केसासारखी एक रेघ होती. चकत्या निघाल्या म्हणजे रुंद टायर पुन्हां स्प्रिंगेला घांसणार, म्हणून तेही उतरले आणि मूळ मापाचे चढले. दुकानदारानें पैसे परत केले नाहींत. भाच्याला एका महिन्याच्या मिळकतीइतका फटका बसला आणि तो दोन दिवस माझ्याशीं तुटकपणें बोलत होता. गणपतीपुळ्याची यात्रा मात्र ठरल्या दिवशीं झाली. मलकापुरास चहासाठीं थांबले असतां त्यानें चारही चाकांचे नट पुन्हां तपासले, असें बहिणीनें मागाहून सांगितलें.

ज्यांच्या गाडीला चकत्या आहेतच आणि ज्यांना त्या काढावयाच्या नाहींत, त्यांना मी निदान एवढें विनवीन, कीं एकदां चाक उतरवून आंतले नट पाहावे. हब तारेच्या ब्रशानें धातु दिसेपर्यंत घांसावें, आट्यांना तेल लावूं नये, कारण तेल लागलें कीं तितक्याच जोरांत स्टड प्रमाणाबाहेर ताणला जातो. नट एकाआड एक, समोरासमोरचे, मापाच्या पान्यानें आवळावे. पायानें पाना दाबणें किंवा हवेच्या बंदुकीनें खडखडाट करणें हें माप नव्हे. मग पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर चाक पुन्हां उतरवून आंतला सांधा पुन्हां आवळावा, आणि प्रत्येक वेळीं टायर बदलतांना तो पाहावा. जुनी गाडी विकत घेणारानें चाकामागें हात घालून मधें चकती लागते काय हें चाचपावें. विकणारा सांगेलच असें नाहीं.

भाच्यानें आतां तो मापाचा पाना स्वतः विकत घेतला आहे. त्याचे मित्र तो वरचेवर मागून नेतात. परत देतांना त्याचा कांटा सर्वांत खालच्या आंकड्यावर आणून द्यावा, म्हणजे आंतली स्प्रिंग ताणलेली राहत नाहीं, एवढीच त्याची अट असते.